शेवटच्या पानावरचं नाव

"या खेपेला तुझं नाव घाल," अप्पा म्हणाले.

रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मागच्या खोलीत सतरंजीवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मध्ये छापलेल्या पानांच्या गड्ड्या. मी पानं जुळवून त्यांच्या हातात देत होते आणि ते दाभणानं भोकं पाडून दोरा ओवत होते. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. उजव्यानं काहीच दिसत नव्हतं, डाव्यानं खिडकी कुठं आहे तेवढं. पण चौतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात कागद शिवण्यात गेली होती, त्यामुळे बोटांना डोळ्यांची गरज लागत नसे.

"कुठं घालू?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठं ते.

"शेवटच्या पानावर. पहिल्या दहा प्रतींवर माझं घातलंस, मी गप्प बसलो. आता या पन्नास आहेत."

"त्या छापून झाल्या, अप्पा."

"शेवटचं पान सुटं असतं. तेवढं परत छापता येतं. आंधळा झालोय, खुळा नाही."

इथं थोडं सांगायला हवं. अप्पा आबानाथांच्या पंथातले. आबानाथ म्हणजे चिंचवण गावचे एक शाळामास्तर. ते संध्याकाळी दिवे लागल्यावर ओट्यावर बसून लोकांशी बोलत. त्या बोलण्याचे बारा भाग म्हणजे 'सांजबोध' ही पंथाची पोथी. पंथातल्या माणसानं ती विकायची नसते. आपल्याकडच्या पोथीवरून प्रत करायची आणि मागेल त्याला द्यायची. पूर्वी हातानं लिहीत, नंतर कुणी टंकलिखित करू लागलं. काही असलं तरी शेवटच्या पानावर ज्यानं प्रत केली त्याचं नाव आणि पूर्ण पत्ता असतो: हात अमक्याचा, राहणार अमुक गाव. वाचणारा आधी ते पान मोठ्यानं वाचतो आणि मग पहिल्या पानाकडं जातो. हात नसलेल्या पोथीला मुकी पोथी म्हणतात. एरवी ती चालवूनही घेतील, पण माणूस जायला टेकला असताना त्याच्या उशाशी मुकी पोथी कुणी वाचत नाही. खोट्या हाताची तर नाहीच.

आमच्या समोर पडलेल्या त्या प्रती माझ्या हातच्या होत्या. अप्पा पाठ म्हणत, मी संगणकावर उतरवून घेई, मग जुन्या पोथीशी ओळ न ओळ ताडून बघे. नऊ महिने, कॉलेजातून आल्यावर रोज तासभर.

"मी याला हातही लावला नाही," अप्पा म्हणाले.

"आत्ता कोण शिवतंय मग?"

"शिवणाऱ्याचं नाव घालत नाहीत."

"आणि सगळं तोंडानं कुणी सांगितलं?"

"सांगितलं आबानाथांनी. मी मधला भोंगा." ते हसले. मग दोरा दातानं तोडून म्हणाले, "चौतीस वर्षं मी नकलेवर शिक्का मारला, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. दुसऱ्यानं केलेल्या नकलेवर माझी सही एकदाही केली नाही. साहेबानं सांगितलं तरी नाही. आणि आता पोथीवर करतोय."

मी तेव्हा कॉलेजात ग्रंथपाल होते. अनुदानित कॉलेज, कायम जागा. झेरॉक्स मशीनच्या वर भिंतीला मी स्वतः लिहून चिकटवलेली पाटी होती: संपूर्ण पुस्तकाची प्रत काढून मिळणार नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. पोरं त्या पाटीवरून माझी टिंगल करत. मी मात्र ती मनापासून लिहिली होती. पुस्तक लिहायला काय लागतं ते लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि थोडंफार ग्रंथपालाला. अप्पांनी प्रतीचं काढलं तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, की आबानाथांनी स्वतःच्या सहीनं सगळे हक्क पंथाच्या चिंचवणच्या संस्थानाला लिहून दिलेत. छापायचं की नाही ते संस्थान ठरवणार.

संस्थानानं ठरवलंही होतं. बारा वर्षांपूर्वी जुनी पोथी छापून विकणं बंद करून नवी आवृत्ती काढली. तिच्यात अकराच बोध होते. जाणाऱ्याच्या उशाशी वाचायचा सातवा गाळला होता. अप्पांसारख्या जुन्या लोकांच्या लेखी ती पोथीच नव्हती.

"शब्द द्यायचा हक्क आबानाथांना होता," अप्पा तेव्हा म्हणाले होते. "दिलेला परत घ्यायचा कुठून आला?"

"कायद्यात येतो, अप्पा."

"मग टाइप करू नकोस."

मी केलं. का केलं, याचं उत्तर मला धड देता येत नाही. माझा त्या पंथावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण संध्याकाळी ते खुर्चीत ताठ बसून एकेक ओळ म्हणत आणि मी थांबले की थांबत, तेव्हा आमच्या घरात आई गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी एकमेकांशी बोलतंय असं वाटायचं.

"नोकरीचं भ्या वाटतं?" त्या रविवारी त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." त्यांनी पुढची गड्डी मागण्यासाठी हात पुढं केला. "मग राहू दे माझंच. पण ते खोटं आहे, एवढं तुला माहीत असू दे."

दुपारी आम्ही भाकरी, शेंगाचटणी आणि ताक असं जेवलो. त्यांनी चटणीत लसूण कमी आहे म्हणून कुरकुर केली. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठ कमी केलंय, लसूण तेवढाच आहे. संध्याकाळपर्यंत बत्तीस प्रती शिवून झाल्या.

सोमवारी साडेबाराला कॉलेजात सोपानकाकांचा फोन आला. सोपान तांबारे हे अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. कापडाचं दुकान पोरांवर सोपवून ते पंथाचं काम बघत, पोथी वाचायला घरोघर जात.

"शैला, घरी ये. पोलीस आलेत."

मी पोचले तेव्हा मागच्या खोलीत फौजदार मिसाळ पलंगाच्या कडेवर बसून पंचनामा सांगत होते आणि एक हवालदार लिहीत होता. संगणक आणि प्रिंटर दारात आणून ठेवला होता. प्रतींचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते. अप्पा खुर्चीत बसले होते, स्वच्छ सदरा घालून, जसे काही पाहुणे यायचे होते. भिंतीला टेकून काळा कोट हातावर घेतलेले एक साठीचे गृहस्थ उभे होते. ते संस्थानचे वकील उंबरजे.

"ताई, तुम्ही कन्या का?" मिसाळ म्हणाले. "बसा. तुमच्या वडिलांसारखा आरोपी मी पाहिला नाही. लातूरला एकाच्या घरी प्रत सापडली. म्हटलं, आता छापणारा शोधायला सहा महिने जाणार. तर शेवटच्या पानावर नाव, गल्ली, घर नंबर, पिनकोड. गुन्हा करून पत्ता मागं ठेवणारा माणूस."

"ती आमची रीत आहे," अप्पा म्हणाले.

"रीत चांगलीय आजोबा. पोलिसांच्या सोयीची आहे."

हवालदार हसला. उंबरजे हसले नाहीत. ते अप्पांच्या समोर येऊन उकिडवे बसले, म्हणजे अप्पांच्या तोंडाच्या पातळीला आले.

"अप्पा, मी उंबरजे. संस्थानात आपली भेट झालीय पूर्वी."

"आवाज ओळखला. तुमच्या वडिलांना नक्कल मी दिलेली आहे, वाटपाच्या दाव्यात. शहात्तर साली."

"मग तुम्हाला कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. आबानाथांनी हक्क संस्थानाला दिले. त्या हक्कांतून मुलांचं वसतिगृह चालतं. तुम्ही एक पत्र टाकायचं होतं."

"तीन टाकली. जुनी पोथी विकत द्या म्हटलं, नाहीतर सातवा बोध वेगळा छापून द्या म्हटलं. उत्तर नाही."

"सातवा बोध द्यायचा नाही असंच ठरलंय."

"मग आम्ही काय करायचं? उद्या सरकारनं एखाद्याला सांगितलं, तुझ्या देवाची आरती अमक्याच्या मालकीची आहे, ती तो म्हणू देत नाही, तर त्यानं मुकाट बसायचं का? घटनेत धर्म पाळायची मोकळीक आहे ना, वकीलसाहेब? चौतीस वर्षं कोर्टात काढलीत मी."

"म्हणायची मोकळीक आहे, अप्पा. तुम्हाला पोथी पाठ आहे, रोज म्हणा, कोण अडवतंय? छापून वाटायची मोकळीक त्यात येत नाही. आणि विकली नाही म्हणून गुन्हा होत नाही असंही नाही."

"ज्याला पाठ नाही, त्यानं?"

उंबरजे आवाज खाली आणून म्हणाले, "सातवा बोध का काढला, तुम्हाला माहीत नाही?"

"ऐकून आहे."

"ऐकून आहात. मी पाहिलंय. एकोणीस वर्षांची पोरगी होती. विषमज्वर. डॉक्टर म्हणत होते, आठ दिवस काढले तर निघेल यातून. घरातल्या म्हाताऱ्यानं घाबरून तिच्या उशाशी सातवा बोध वाचला. 'तू निघाली आहेस, हे तुला सांगणं आमचं काम आहे.' तिनं तोंड भिंतीकडं केलं. अन्न सोडलं. चौथ्या दिवशी गेली. तिचा बाप ती पोथी घेऊन आबानाथांकडं आला आणि त्यांच्या पायावर टाकून गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी आबानाथांनी सही केली. छापत जा, पण हा बोध नको म्हणाले. तो कागद आहे माझ्याकडं. हक्क हातात असणं म्हणजे नुसती कमाई नसते, अप्पा. एखादी गोष्ट थांबवताही यावी लागते."

मला त्यांचं म्हणणं पटलं, हे मी लपवणार नाही.

"त्या म्हाताऱ्यानं चूक केली," अप्पा म्हणाले. "जी जाणार नव्हती तिला सांगितलं. पण जो खरंच चाललाय आणि ज्याला सगळे 'बरा होशील' म्हणत बसलेत, त्याचं काय? माझी बायको तीन आठवडे तशी पडून होती. आम्ही सगळे तिच्याशी हवापाण्याचं बोलत होतो. या सोपाननं सातवा वाचला, तेव्हा ती रडली, आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली. दोन दिवस बोलत होती. ते दोन दिवस तुमच्या कागदात कुठं बसतात, तेवढं सांगा."

"बसत नाहीत," उंबरजे म्हणाले. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

मिसाळ घड्याळ बघत होते. "हे तुमचं कोर्टात चालू द्या. आजोबा, मला एवढंच सांगा, टाइप कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून अप्पांच्या डोळ्यांसमोर धरलं. "काय लिहिलंय?"

"डोळे आत्ता गेले."

"प्रतीवर गेल्या वर्षाची तारीख आहे. आणि डोळ्यांचे कागद तिथं फडताळात पडलेत, चार वर्षांपूर्वीचे." त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. थकलेल्या माणसासारखं. "ताई, तुम्ही काय करता म्हणालात?"

"ती कॉलेजात असते," अप्पा म्हणाले. "सकाळी जाते, संध्याकाळी येते. तिला यातलं काही आवडत नाही. ती मला पहिल्यापासून विरोधच करत आलीय. विचारा सोपानला."

सोपानकाका दाराशी उभे होते. ते खाली बघत म्हणाले, "विरोध करत होती, हे खरं आहे."

"मग टाइप कुणी केलं?"

"मी म्हटलं ना. लिहा, श्रीपती वायकुळे. शेवटच्या पानावर छापलंय तेच लिहा."

हवालदारानं ते लिहून घेतलं. मी उभी होते, पिशवी खांद्यालाच होती. पिशवीत कॉलेजच्या कपाटांच्या किल्ल्या होत्या आणि मी बाहेरून त्या चाचपत होते, एवढंच मला आठवतं.

अप्पांना जबाबासाठी ठाण्यात नेलं. मिसाळांनी स्वतः हात धरून जीपमध्ये बसवलं, वाटेत पाण्याची बाटली घेतली. त्यांच्याविरुद्ध मला काही सांगायचं नाही. साडेचारच्या सुमाराला ठाण्याच्या बाकावर बसल्या बसल्या अप्पांच्या छातीत कळ आली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. तोवर अटक दाखवून झाली होती. त्यामुळे पलंगाशेजारी स्टुलावर पहाऱ्याला एक हवालदार बसवला, पंचनामा लिहिणाराच.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण मुलगा होता. सोलापूरला नेता येईल, पण रस्त्यात टिकतील असं वाटत नाही, म्हणाला. "त्यांना सांगू नका," असंही म्हणाला.

मी आत आले. सोपानकाका येऊन बसले होते. त्यांच्या धोतराच्या ओच्यात पोथी होती, पहिल्या दहांतली, त्यांच्या घरी राहिलेली. आमच्याकडच्या सगळ्या जप्त झाल्या होत्या.

"काय म्हणतो डॉक्टर?" अप्पांनी विचारलं.

"सोलापूरला न्यायचं का बघतायत," मी म्हटलं.

"सोपान," ते म्हणाले, "हिला सांगता येत नाही. तू वाच."

सोपानकाकांनी हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं वर्तमानपत्र जरा वर धरलं. म्हणजे त्याला दिसत नव्हतं. तो चांगला माणूस होता. पण ऐकू येत होतं. त्याच्या खिशाला पेन होतं. त्या दवाखान्यातल्या दोन पलंगांच्या मधल्या जागेत आम्ही सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर होतो.

सोपानकाकांनी रीतीप्रमाणं शेवटचं पान उघडलं.

"हात श्रीपती गेनबा वायकुळे यांचा, राहणार..."

अप्पांनी सलाईनचा हात उचलला.

"थांब."

"काय झालं, श्रीपतराव?"

"तो हात माझा नाही."

"नाव तुमचंच आहे की."

"नाव माझं आहे. हात माझा नाही. तुला ठाऊक आहे. आयुष्यभर तूच लोकांना सांगत आलास, खोट्या हाताची पोथी जाणाऱ्यापुढं वाचू नये. माझ्यापुढं वाचतोस?"

"आता या वेळेला कशाला..."

"ह्याच वेळेला." ते धापा टाकत होते. "ज्याचा हात आहे त्यानं नुसतं तोंडानं म्हटलं तरी चालतं. कागद बदलायला नको. म्हटलं की तू वाच."

हवालदारानं वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. सोपानकाकांनी माझ्याकडं पाहिलं. अप्पांचं तोंड खिडकीकडं होतं, कारण त्यांना तेवढंच दिसायचं. पण ते माझी वाट बघत होते.

एक शब्द पुरला असता. 'माझा' एवढाच. माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मोठं काही नव्हतं. निलंबनाचा कागद कसा येतो ते मी एका क्लार्कच्या बाबतीत पाहिलं होतं, खाकी लिफाफ्यात, शिपाई सही घेतो. तो लिफाफा माझ्या डोळ्यांपुढं होता. आणि असंही वाटत होतं, की हवालदार चहाला जाईल. थोड्या वेळानं तो चहाला जाईल, मग म्हणू.

मी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं.

ते प्यायले नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला नर्स इंजेक्शन देऊन गेली, तेवढा.

"राहू दे, सोपान," अप्पा म्हणाले. "मिटव पोथी."

"श्रीपतराव, आपण पाठ म्हणू. मला येतो सातवा. पाठ म्हणायला हात लागत नाही."

"पाठ मलाही येतो." त्यांनी डोळे मिटले. "वाचून ऐकायचा होता."

मग थोड्या वेळानं त्यांनी माझा हात शोधला आणि अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "रजेचा अर्ज दिलास का? फोनवर सांगून चालत नाही, लेखी द्यावा लागतो. नाहीतर बिनपगारी धरतात."

"दिला," मी म्हटलं. दिला नव्हता.

हवालदार दोन वाजता चहाला गेला. अप्पा दीड वाजता गेले होते.

तेराव्यानंतर मी कामावर हजर झाले. कुणी काही विचारलं नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात वृद्ध आरोपीचा मृत्यू एवढंच होतं. सोपानकाका दिवसांत रोज आले, पण पोथी एकदाही वाचली गेली नाही. मीही म्हटलं नाही, तेही म्हणाले नाहीत. आमच्या घरातून पंथाचा माणूस पोथीशिवाय जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

सव्वा महिन्यानं कोर्टाचं समन्स आलं. आरोपी मयत झाल्यामुळं प्रकरण निकाली काढायचं होतं आणि जप्त केलेल्या प्रती आपल्या ताब्यात मिळाव्यात, असा संस्थानचा अर्ज होता. त्यावर वारस म्हणून माझं म्हणणं हवं होतं.

ज्या इमारतीत अप्पांची नोकरी झाली तिच्याच वऱ्हांड्यात उंबरजे भेटले. त्यांनी आधी चहा मागवला, अप्पांबद्दल दोन शब्द बोलले, आणि मग एक टाइप केलेला कागद पुढं केला.

"तुमच्या सोयीसाठी करून आणलाय. हरकत नाही, एवढंच आहे. सही केली की संपलं. यापुढं तुम्हाला कुणी बोलावणार नाही."

मी वाचला. 'सदर प्रती माझे मयत वडिलांनी स्वतः तयार केल्या असून त्याच्याशी माझा कोणताही संबंध नाही.'

"प्रतींचं काय होईल?"

"लगदा. दुसरं काय करणार? मला आनंद नाही त्याचा."

"आणि ते जे म्हणत होते, धर्म पाळायच्या मोकळिकीचं? त्याचा निकाल?"

"निकाल लावायला कुणी तरी समोर उभं लागतं, ताई. ते गेले. प्रश्नही गेला." त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना सगळं माहीत होतं. मिसाळांनाही होतं. "खरं सांगू का? त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं होतं. म्हातारा माणूस, खरी श्रद्धा, पै घेतली नाही. मी दुसऱ्या बाजूचा असून सांगतो, न्यायाधीशाला विचार करावा लागला असता. दुसरं कुणी असतं, ज्याची श्रद्धाच नाही, नुसतं टाइप केलंय, तर त्याला काय बचाव होता? काहीच नाही."

"काहीच नाही?"

"धर्माची मोकळीक ज्याला धर्म आहे त्याला. बाकीच्यांना फक्त कायदा."

पुकारा झाला. आत पंखा चालू होता आणि कागदांवर दगड ठेवलेले होते. न्यायदंडाधिकारी माझ्याच वयाच्या बाई होत्या. उंबरज्यांनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. मागं भिंतीशी सुतळीत बांधलेले आमचे गठ्ठे आणून ठेवले होते. त्यातला एक सैल झाला होता.

"वारस हजर आहेत का?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"तुमचं म्हणणं आणलंय?"

"हो."

"द्या मग. सही केलीय ना?"

"नाही."

त्यांनी वर पाहिलं. "वाचलं नाही का तुम्ही? मजकुरात काही चूक आहे?"

उंबरजे माझ्या शेजारी उभे होते. ते अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, करा सही. घरी जा."

"बोला," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला, नोंद घ्यायचीय."

"चूक आहे," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना चार वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी त्यांच्या पंथाची नाही, मला धर्माचं काही सांगायचं नाही. सगळ्या प्रती मी टाइप केल्यात, पहिल्या पानापासून. शेवटच्या पानावर त्यांचं नाव आहे ते मी भिऊन घातलं. हात माझा आहे. शैलजा श्रीपती वायकुळे."